मासा तोंड शिवून बसतो तेव्हा



कवीनं माशांवर बोलायचं ठरवलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा मासोळीसारखे डोळे, जाळ्यात अडकलेलं मन असलं काहीतरी काढणार. तसं काही होणार नाही. माझ्यासमोर या क्षणी एक दोनशे पानी वही आहे आणि तिच्यात कवितेची एकही ओळ नाही. तारीख, सकाळी सहाचं पाणी, दुपारी तीनचं पाणी, तळाचं पाणी, टाकलेलं खाद्य, उरलेलं खाद्य. एवढेच रकाने. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि तीस वर्षं एका पतसंस्थेत कारकुनी करतो आहे. त्यामुळे रकाने आखायची मला कवितेइतकीच सवय आहे. ही वही मात्र पतसंस्थेची नाही, माझ्या भाच्याच्या शेततळ्याची आहे. ती का सुरू करावी लागली, ते आधी सांगतो.

२०२३ सालचा जून. पाऊस लांबला होता. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून पाच-सहा किलोमीटरवर माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आपाची, चार एकर जमीन आहे. डाळिंब, थोडा ऊस आणि कडेला शेततळं. एका संध्याकाळी वळीव आला. आधी धुळीचं वादळ, मग गारा, मग तासभर झोडपून काढणारा गार पाऊस. महिनाभर भाजून निघालेली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. त्या रात्री सगळं गाव गाढ झोपलं असेल. पहाटे साडेपाचला भाच्याचा फोन आला, "मामू, लगेच या. मासे वर आलेत."

पोचलो तेव्हा तळ्यावर घारी फिरत होत्या. पाण्यावर शेकडो तोंडं उघडझाप करत होती. मासा पाण्यात असून गुदमरतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नऊ वाजेपर्यंत कडेनं पांढऱ्या पोटांची रांग लागली. आधी कटला गेला, मग रोहू. मृगळ त्यातल्या त्यात टिकला. पाचशे बारापर्यंत मी मोजले आणि मग मोजणं सोडलं. खड्डा खणून, चुना टाकून आम्ही ते पुरले. आपा बांधावर बसून होती, तिनं एक शब्द काढला नाही. मासे, खाद्य आणि जाळी यांसाठी साठ हजारांचं कर्ज काढलेलं होतं आणि जामीन म्हणून त्यावर माझी सही होती.

दुपारपर्यंत गावात निदान झालं होतं. कुणी म्हणे वीज पाण्यात पडली. बहुतेकांचं मत पडलं, की कुणीतरी औषध कालवलं. शेजारच्या बांधावरच्या एका माणसाचं नावही घेतलं गेलं. त्याच्याशी पाटाच्या पाण्यावरून जुना वाद होता. भाचा तेवीस वर्षांचा, रक्त गरम. चौकीवर जायला निघालाच होता. त्याला थांबवलं ते तात्यांनी.

तात्या आमच्या जुन्या गावचे भोई. जुनं गाव म्हणजे जे आता उजनीच्या पाण्याखाली आहे ते. धरण १९८० साली पुरं झालं, त्याआधीच आमचं गाव उठलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. भीमेच्या काठावर तात्या जाळं टाकायचे आणि आम्ही पोरं बघत बसायचो. आमच्या घरात दखनी बोलतात आणि दखनीत आम्हाला सगळे मासे म्हणजे नुसती मछली. मरळ, वाम, शिंगाडा ही वेगवेगळी नावं मला तात्यांच्या मराठीनं दिली. जाळं टाकण्याआधी ते पंजाची मागची बाजू पाण्याला लावून बघायचे. माझी अम्मी बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपरानं बघायची, अगदी तसं. मला वाटायचं, नदीला नमस्कार करतात. विचारलं तेव्हा म्हणाले, "नमस्कार वेगळा. ह्यो हात पाण्याचा ताप बघायला."

तर तात्या त्या दिवशी तळ्यावर आले. मेलेला एक मासा उचलून त्यांनी कल्ले उलगडून पाहिले. मग एक लांब वेळू तळाशी खुपसून बाहेर काढला. वेळूच्या टोकाला हातभर काळा, चिकट गाळ होता आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येत होता. भाच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "थंडीत किती पेंड घातलीस?"

"रोज पाच किलो, तात्या."

"आरं पोरा, थंडीत मासा तोंड शिवून बसतोय. तू पेंड टाक न्हाई तर बिर्याणी टाक."

मी घरी येऊन खाद्याची बिलं काढली. बिलं जपून ठेवणं हा माझा धंदाच. १ डिसेंबर ते १४ फेब्रुवारी असे शहात्तर दिवस. रोज पाच किलोप्रमाणे ३८० किलो शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा. पैशात साडेतेरा हजारांच्या वर. भाचा दर महिन्याला जाळीनं वीस-पंचवीस मासे काढून वजन करायचा आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा. नोव्हेंबरअखेर सरासरी वजन १९० ग्रॅम, फेब्रुवारीच्या मध्याला २०५. अडीच महिन्यांत पंधरा ग्रॅम. तेच मासे ऑगस्टमध्ये बारा ग्रॅमची बोटुकली होते, म्हणजे पहिल्या साडेतीन महिन्यांत ते पंधरा पटींनी वाढले होते. मग थंडीत झालं काय? खाद्य तेच, पाणी तेच, मासे तेच. बदललं होतं ते फक्त पाण्याचं तापमान, आणि ते आमच्यापैकी कुणीच मोजत नव्हतं.

शाळेच्या पुस्तकात माशाला शीतरक्ताचा प्राणी म्हटलेलं असतं. हा शब्द मला फसवा वाटतो. माशाचं रक्त थंड नसतं, ते पाण्याइतकं असतं. पाणी वीस तर मासा वीस, पाणी तीस तर मासा तीस. आपण थंडीत जास्त जेवतो, कारण आपल्याला आतली शेगडी ३७ अंशांवर पेटती ठेवायची असते. माशाला शेगडीच नाही. पाणी गार झालं की त्याच्या पोटातले पाचक रस मंदावतात, खाल्लेलं आतड्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ पडून राहतं, आणि पोट रिकामं झाल्याशिवाय भूक लागत नाही. याला उपास म्हणता येणार नाही. मी रोजे धरणारा माणूस आहे, मला फरक कळतो. रोजा म्हणजे भूक असून न खाणं. माशाला थंडीत भूकच नसते.

आपल्याकडचे कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या मैदानातले मासे. साधारण २५ ते ३२ अंशांत ते झपाट्यानं वाढतात. वीसच्या खाली वाढ रेंगाळते, आणि १४-१५च्या आसपास रोहू जवळजवळ थांबतोच. इंदापूरच्या थंडीत आमच्या तळ्याचं पाणी पहाटे १९-२०, दुपारी २२-२३ असतं, हे पुढे वहीनं सांगितलं. म्हणजे मासा मरत नाही, आजारीही दिसत नाही, नुसता तळाशी थंडावलेला असतो. म्हणून तर फसायला होतं.

एका मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या तरुणानं मला हा सगळा व्यवहार समजावून सांगितला. तो वक्र रेषा काढत होता आणि मला खतावणी दिसत होती. माशानं खाल्लेलं अन्न ही जमा. त्यातून पहिला खर्च नुसता जिवंत राहण्याचा: श्वास, हालचाल, शरीराची डागडुजी. खर्च वजा जाता जी शिल्लक उरते ती वाढ. आता पाणी तापू लागलं की दोन्ही बाजू वाढतात. भूक वाढते आणि घरखर्चही वाढतो. दर दहा अंशांना हा खर्च सुमारे दुप्पट ते अडीचपट होतो. सुरुवातीला जमा खर्चापेक्षा वेगानं वाढते, शिल्लक वाढत जाते, मासा भराभर मोठा होतो. पण एका मर्यादेनंतर भूक अचानक मरते. खर्च मात्र चढतच राहतो. त्यामुळे वाढीचा आलेख सारख्या दोन उतारांचा डोंगर नसतो. थंडीकडून चढण लांब आणि सावकाश, पलीकडे उष्णतेच्या बाजूला थेट कडा. म्हणजे पाणी दोन अंशांनी गार असलं तर नुकसान थोडं, दोन अंशांनी जास्त तापलं तर फार.

आणि याच तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साधारण ७.६. म्हणजे जेव्हा माशाला श्वास जास्त हवा, नेमका तेव्हा पाण्याचा हात आखडतो. उन्हाळ्यात पगार कमी आणि विजेचं बिल दुप्पट, असं आपल्या घरात झालं तर काय होईल, तसंच.

या हिशेबातला मला सगळ्यात चकित करणारा भाग मात्र दूरच्या कॅनडातला आहे. तिथं नानाइमो इथल्या संशोधन केंद्रात जे. आर. ब्रेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉकआय सॅमन या माशाच्या पिल्लांवर केलेलं काम १९६९ साली प्रसिद्ध झालं. ही पिल्लं समुद्रात जाण्याआधी गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढतात. थंड प्रदेशातला मासा, त्यामुळे त्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत, पण हिशेबाची रीत लागू आहे. पोटभर अन्न मिळालं तर पिल्लं १५ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त वाढली. पण अन्न कमी केलं तर? तर उत्तम वाढीचं तापमान खाली सरकलं. जितकं अन्न कमी, तितकं जास्त थंड पाणी त्यांना मानवलं. उघड आहे. जमा कमी असेल तर खर्च कमी असलेल्या घरात राहावं. ही पिल्लं दिवसभर तळ्याच्या गार खोलीत राहतात, सांजेला वरच्या उबदार थरात येऊन खातात आणि परत खाली जातात. वर येऊन जेवायचं आणि खाली जाऊन पचवायचं, यात त्यांची बचत होते, असा अर्थ ब्रेट यांनी लावला. लग्नाच्या मांडवात जेवून निंबाखाली जाऊन पडणारी आमच्याकडची वडीलधारी माणसं याहून वेगळं काय करतात?

तात्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग? आमी उन्हाळ्यात जाळं सांजंला वरच सोडतो आन दुपारी खोल. कॅनडात जायला कशाला पायजे?" मला उत्तर सुचलं नाही.

पण यातच आमच्या तळ्याची गोष्ट दडलेली आहे. उन्हाळ्यात माशाला निंबाची सावली लागते, आणि शेततळ्यात ती सावली म्हणजे तळाचं गार पाणी. आमचं तळं तीस मीटर बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, भरलं की सुमारे बावीस लाख लिटर. खाली काळं प्लास्टिक अंथरलेलं. कडेला झाड नाही, आत ओढा येत नाही, उलथापालथ करणारं काही नाही. मे महिन्यात असं पाणी थरांनी राहतं. तापलेलं पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. दोघांची गाठ पडत नाही. वाऱ्याचा आणि शेवाळाचा प्राणवायू वरच्याच थराला मिळतो, खालच्याला तोंडओळखसुद्धा नाही. तळ स्वच्छ असेल तर खालच्या थरातली शिल्लक बराच काळ पुरते. पण आमच्या तळाशी हिवाळ्यातली ३८० किलो पेंड होती, तिच्यातली बरीचशी न खाल्लेली, कुजत असलेली. कुजणारी वस्तू प्राणवायू खाते, आणि पाणी जितकं गरम तितकी जोरात कुजते. हिवाळ्यात गारठ्यामुळे ती नुसती पडून होती. मार्च-एप्रिलमध्ये पाणी तापलं तशी तीही कामाला लागली. मेअखेर तळाच्या पाण्यात श्वास घेण्यासारखं काही उरलं नसणार. मासे वरच्या ३३-३४ अंशांच्या थरात कोंडले गेले होते. खाली सावली होती, पण तिथं हवा नव्हती.

मग वळीव आला. गारांनी आणि पावसानं वरचं पाणी एका तासात गार झालं, म्हणून जड झालं, म्हणून खाली गेलं. खालचं काळं पाणी वर आलं. वादळानं ढवळलं ते वेगळंच. गाळातले वायू, अमोनिया, महिनोन्‌महिने साठलेली प्राणवायूची उधारी, सगळं एका रात्रीत साऱ्या तळ्यात पसरलं. रात्री शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट घेतं. पहाट ही तळ्याची सर्वांत गरीब वेळ असते. भाच्यानं फोन केला ती हीच वेळ.

म्हणजे विष कालवलं होतं हे खरंच होतं. ते डिसेंबरपासून रोज पाच किलो, आम्हीच कालवत होतो. भाच्यानं मग शेजाऱ्याकडे जाऊन काय बोलणं केलं, ते मला माहीत नाही. पाटाच्या पाण्याचा वाद अजून आहे, पण दोघं एकमेकांकडे चहा पितात.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. तळ्यात होतं नव्हतं ते पाणी डाळिंबाला दिलं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणेमध्ये गेला आणि शेततळं पार कोरडं पडलं. तळाचा गाळ वाळून त्याची पापुद्र्यासारखी खपली झाली होती. ती आम्ही खरवडून काढली आणि डाळिंबाच्या आळ्यात घातली. भाचा पुण्याकडे कंपनीत नोकरी बघत होता. आपानं मला विचारलं, "तू परत जामीन राहशील का?" मी म्हटलं, राहीन, पण एका अटीवर. रोज दोनदा पाणी मोजायचं आणि मला सांगायचं.

अशी ही वही जुलै २०२४ला सुरू झाली. या वेळी हजार नव्हे, सहाशेच बोटुकली सोडली. जाता जाता एक सांगतो. हे मासे आपल्या तळ्यात येऊ शकतात, यामागेही उष्णतेच्या मर्यादेची एक कथा आहे. उन्हाळ्याच्या उबेनं कटला-रोहूच्या पोटात अंडी पिकतात, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी हवं. १० जुलै १९५७ला ओडिशात अंगुल इथं हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात अंडी घालवून घेतली, म्हणून आज बीज विकत मिळतं. पण पुढं पुन्हा पाण्याच्या तापाचंच राज्य. २७ ते ३० अंशांत या माशांची अंडी पंधरा ते अठरा तासांत फुटतात. काश्मीरमधल्या थंड झऱ्यांवर पाळतात त्या रेनबो ट्राउटच्या अंड्यांना १० अंशांच्या पाण्यात महिनाभर लागतो. तिथली माणसं अंश गुणिले दिवस असा हिशेब ठेवतात. १० अंशांचे एकतीस-बत्तीस दिवस म्हणजे तीनशे दहा-वीस. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आम्ही पतसंस्थेत व्याज अगदी असंच काढायचो, रुपये गुणिले दिवस. उष्णतेवरही व्याज मिळतं, हे मात्र मला पन्नाशीनंतर कळलं.

वही पाळायला वाटतं तितकं सोपं नव्हतं. वरचं पाणी मोजणं सोपं, दोरीला बांधलेला तापमापक सोडला की झालं. तळाचं मोजायचं कसं? तापमापक वर ओढेपर्यंत वरच्या पाण्याचा आकडा दाखवतो. मग भाच्यानं युक्ती केली. काचेच्या बाटलीला वीट बांधली, बुचाला वेगळी दोरी. बाटली तळाला टेकली की दोरीच्या झटक्यानं बूच काढायचं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची, पटकन वर ओढायची आणि आत तापमापक घालायचा. पहिल्या आठवड्यात तीन बुचं हरवली.

तापमापकाबरोबर एक परातही आली. चार कडांना दोऱ्या बांधलेली अॅल्युमिनियमची जुनी परात. खाद्य तीत ठेवून पाण्यात सोडायची आणि तासाभरानं वर काढायची. उरलं असेल तर उद्या कमी. तापमापक अंदाज सांगतो, परात खात्री. ऑक्टोबरात पाणी २८ होतं, परात वीस मिनिटांत साफ. दिवाळीनंतर पाणी रोज थोडं थोडं उतरू लागलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळचा आकडा पहिल्यांदा वीसच्या खाली आला, १९.५. परातीत पाऊण खाद्य तसंच होतं. भाचा फोनवर म्हणाला, "मामू, उपाशी मरतील." त्याचा जीव तुटत होता. वर्षानुवर्षं गुरं पाळणारी माणसं आपण, जनावरापुढं वैरण नाही म्हणजे पाप. पण सकाळी वीसच्या खाली असलं तर काही टाकायचं नाही आणि वीस-बावीसच्या मध्ये असलं तर चौथाई, तेही दुपारी दोननंतर, ऊन पाण्यात मुरल्यावर, एवढं आम्ही पाळलं. साऱ्या थंडीत मिळून ऐंशी किलोच्या आसपास खाद्य गेलं. फेब्रुवारीत वजन केलं. सोळा ग्रॅम वाढ. मागच्या वेळी ३८० किलो घालून पंधरा झाली होती.

याच सुमारास त्या तरुणानं मला उजनीतल्या एका रोहूचं खवलं भिंगाखाली दाखवलं. त्यावर बोटाच्या ठशासारखी वलयं होती. काही ठिकाणी ऐसपैस, काही ठिकाणी एकमेकांना चिकटलेली. चिकटलेली म्हणजे वाढ थांबल्याचा काळ. थंड देशांत या चिकटलेल्या वलयांवरून माशाचं वय वर्षांत मोजतात. आपल्याकडे जरा जपून, कारण उपासमारीची आणि अंडी घालण्याच्या दिवसांचीही तशीच खूण उरते. तरी मी बराच वेळ ते खवलं बघत बसलो. कवितेच्या वहीत माझीही अशी वर्षं आहेत, अक्षर बारीक आणि ओळी जवळ जवळ. तेव्हा मी स्वतःला उगाच पेंड घालत होतो.

मार्चमध्ये रमजान आला. सहेरी आटोपली की भाचा बॅटरी घेऊन तळ्यावर जायचा आणि मला आकडा कळवायचा. २४, २४.५, २५. मासे भडकल्यासारखे खाऊ लागले. एप्रिलअखेर वरचं पाणी दुपारी ३३च्या वर गेलं, तसं खाद्य निम्म्यावर आणलं आणि फक्त सकाळी. आठवड्यातून तीनदा रात्री मोटार लावून तळाचं पाणी उचलून वरून फवाऱ्यासारखं सोडायचं. विजेचं बिल वाढलं, आपानं कुरकुर केली. मी तिला खतावणी दाखवली, वाचलेल्या तीनशे किलो खाद्याची. मेच्या सुरुवातीला वरचं पाणी ३३.५ आणि तळाचं ३०.५ होतं. बाटलीतल्या पाण्याला वास नव्हता.

२०२५च्या मे महिन्यात पाऊस किती लवकर आणि किती जोरात आला, ते आपल्याला आठवत असेल. पहिल्या मोठ्या वळवाच्या संध्याकाळी मी एस. टी. नं आपाकडे गेलो. वीज गेलेली, मोटार बंद. भाच्यानं डिझेल पंप मागून आणला होता. कुणाकडून, तर शेजारच्या बांधावरून. रात्रभर तो पंप तळाचं पाणी वर फेकत होता. तात्याही येऊन बसले होते, डोक्यावर पोतं घेऊन. पहाटे चारला पाणी २७.५. पाचला बॅटरीच्या उजेडात तोंडं दिसली, पन्नास-साठ असतील. भाच्यानं माझा हात घट्ट धरला. तात्या उठले, काठावर बसून पंजाची मागची बाजू पाण्याला लावली आणि काही न बोलता पुन्हा पोत्याखाली जाऊन बसले. उजाडता उजाडता तोंडं एक एक करून खाली गेली.

सात मासे मेले. त्या दिवशी खाद्य टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी २८ होतं. परात सोडली आणि पंधरा मिनिटांनी वर काढली. ती रिकामी होती.